हेडला मालक, टेलला आम्ही

नगरमध्ये घरमालकाला नावानं हाक मारत नाहीत. तो नुसता 'मालक'. सावेडीत पाइपलाइन रोडच्या आतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, मालक दिसतातच. तळमजल्यावर ते स्वतः, वरच्या दोन मजल्यांवर चार बिऱ्हाडं, जिना बाहेरून काढलेला आणि त्याच्या खालच्या तीन पायऱ्या रस्त्यावर उतरलेल्या. पोर्चमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची, आणि ती अशा कोनात ठेवलेली, की फाटक, मोटरचं बटण आणि जिना तिन्ही एका नजरेत यावेत. रस्त्यावर कुणी हातगाडी लावली, की मालक त्याच खुर्चीतून अतिक्रमणावर बोलतात. त्या तीन पायऱ्यांचा विषय त्यात येत नाही.

मी आजवर ज्यांच्या-ज्यांच्याकडं भाड्यानं राहिलो, त्या सगळ्यांचे मिळून हे एक मालक. एमआयडीसीतल्या कंपनीत हयात गेली, व्हीआरएसचे पैसे आले, त्यात दोन गुंठे घेऊन बांधलं. मूळ गाव शेवगाव तालुक्यात. तिथं दोन एकर अजून आहे. शहराचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. पण मालक पहिल्यापासून नुसतं 'नगर'च म्हणतात. त्यात जुनं-नवं दोन्ही भागतं आणि भाडेकराराचा मसुदा बदलावा लागत नाही.

पैशाचं त्यांच्याकडं एकच माप, गुंठा. रुपये, तोळे, टक्के ही त्यांच्या लेखी चिल्लर. मला बँकेत बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन खाली गेलो. त्यांनी पगार विचारला, मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "म्हंजे वर्षाला पाव गुंठा. बरंय, सर." पतसंस्थेवर त्यांचा विश्वास नाही, कारण एकीत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलेले पैसे अजून यायचेत. शेअर बाजार म्हणजे जुगार. जमीन मात्र कुठं पळून जात नाही. मलिक अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथं शहर वसवलं, असं मी एकदा बोलण्याच्या ओघात सांगितलं. मालक बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, इतिहासात रमले. मग हळूच विचारलं, "तेव्हा गुंठ्याला भाव काय असंल हो?"

भुईकोट किल्ल्याबद्दलही त्यांचं एक मत आहे. 1942 ते 1945 या काळात नेहरू तिथं कैदेत होते आणि तिथंच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, याचा नगरकरांना अभिमान आहे. मालक म्हणतात, "लिहितील नाही तर काय करतील? भाडं नाही, लाइट बिल नाही, पाणी भरायची घाई नाही. आम्हीबी लिहिलं असतं."

कामाबद्दलचं त्यांचं मत थोडक्यात असं, की आजकाल कुणाला काम नको. हे ते खुर्चीतून सांगतात. भाडं मिळवणं हे काम नाही, असं मात्र कुणी सुचवू नये. रात्री अकराला वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज ओळखणं, पाहुणा किती दिवस राहिला ते ध्यानात ठेवणं, जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला याचा छडा लावणं, याला त्यांच्या भाषेत 'देखभाल' म्हणतात. देखभालीला रविवार नसतो.

पण मालकांचा खरा प्रांत म्हणजे पाणी.

नगर शहराला पाणी येतं राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. धरण 26 टीएमसीचं आहे, आणि आमच्या गल्लीत त्यातलं एक दिवसाआड उतरतं. मालकांचं शेवगावकडचं रान याच मुळेच्या उजव्या कालव्याच्या पार टेलला. त्यामुळं पाण्यातला अन्याय हा त्यांनी वाचलेला नाही, भोगलेला आहे. आवर्तन सुटलं की हेडवाले आधी आपलं भिजवून घेतात, रात्री पाइप टाकतात, दारं उचकटतात, आणि टेलला पाणी पोचेपर्यंत कालवा नुसता ओला झालेला असतो. "टेल टू हेड झालंच पाहिजे," असं निवेदन ते पाटबंधारे खात्याला देत आलेत. शेवटच्या शेतकऱ्याला आधी, वरच्याला मागून. हे बोलताना त्यांचा आवाज भरून येतो, आणि इथं मला त्यांचं शंभर टक्के पटतं.

आता घरातलं आवर्तन बघा. पाणी सुटलं की आधी मालकांचा हौद. मग मालकांच्या स्वयंपाकघरातले हंडे. मग कुंड्या, मग अंगण, मग स्कूटर. मग वरच्या टाकीची मोटर, वीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरचे आम्ही म्हणजे या योजनेचं शेवगाव. एकदा धीर करून मी म्हणालो, "मालक, आपल्या घरातसुद्धा टेल टू हेड करून बघायचं का?" त्यांनी थट्टेवारी नेलं नाही. प्रश्न तांत्रिक आहे, अशा मुद्रेनं विचार केला.

"सर, ते कालव्याला. कालव्याचं पाणी उतारानं जातं. इथं चढवावं लागतंय. चढाचा न्याय वेगळा."

2005 च्या कायद्यानं समन्यायी पाणीवाटप आलं आणि तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडीला पाणी सोडायची वेळ येऊ लागली. तेव्हापासून 'समन्यायी' हा शब्द टीव्हीवर आला की काकू रक्तदाबाची गोळी काढून ठेवतात. पहिल्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड पैठणचं आहे. ज्या आठवड्यात मुळेतून पाणी सोडतात, त्या आठवड्यात आमच्या मोटरची वीस मिनिटं पंधरावर येतात. शिक्षा पैठणला असते, पण पाइप एकच.

सरकारशी त्यांचं भांडण कायमचं, आणि त्यातलं पहिलं कलम घरपट्टी. महापालिका 2003 मध्ये झाली. तेव्हापासून रस्ते बिघडले, असं ते म्हणतात. (त्याआधीचे रस्ते मी पाहिलेत. पण मालकांशी मी रस्त्यावरून वाद घालत नाही. पाणी त्यांच्या हातात आहे.) घरपट्टी थकली की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. ते शास्ती भरत नाहीत, शास्तीमाफीची वाट बघतात. "जो वेळेवर भरतो तो येडा," हे त्यांचं अर्थशास्त्र. पाच तारखेनंतर आलेल्या भाड्याला मात्र दिवसाला पन्नास रुपये लागतात आणि त्यात माफीची योजना नाही.

घर भाड्यानं दिलं असेल तर घरपट्टी वाढते. म्हणून महापालिकेचा सर्वेक्षणवाला येणार अशी कुणकुण लागली, की आमच्या इमारतीत नाती फुटतात. एका सकाळी मालक चहा घेऊन वर आले. चहा! मी समजून गेलो, काहीतरी मोठं आहे. "सर, आज तुम्ही माझे साडू," ते म्हणाले. "वहिनी आमच्या हिच्या धाकट्या बहीण." पैठणवाले आतेभाऊ झाले. इंजिनीअरिंगची दोन पोरं भाचे. पेच पडला तो समोरच्या खोलीतल्या जवानाचा. मालकांना मिलिटरीवाला भाडेकरू म्हणजे जीव की प्राण. नगरला रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेकनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं असे भाडेकरू मिळत राहतात. एक तारखेला भाडं, तक्रार नाही आणि बदली झाली की स्वतःहून खोली रिकामी. पण हा जवान हरियाणाचा, सहा फुटी, आणि मराठीत त्याला 'पानी आलं का' एवढंच येत होतं. तो मेव्हणा ठरला.

सर्वेक्षणवाला वहीत लिहीत होता. "हे कोण?"

"मेव्हणा."

"पाव्हणं, कुठले तुम्ही?"

"जी, रोहतक," मेव्हणा ताठ उभा राहून म्हणाला.

मालक एक क्षणसुद्धा डगमगले नाहीत. "लहानपणी हरवला होता," ते म्हणाले. "आत्ता सापडला." सर्वेक्षणवाल्यानं वही मिटली. तोही कुठंतरी भाड्यानंच राहत असणार.

एवढा धीराचा माणूस भाडेकराराच्या कागदाला मात्र भितो. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. नोंदणी नाही, "उगाच सरकारच्या नजरेत कशाला यायचं?" अकरा महिने संपले, की आम्हाला एक दिवस सामान अंगणात काढून परत आत न्यायला सांगावं, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेलाय. मला हे अडाणीपण वाटायचं. मग एकदा संध्याकाळी, जरा मोकळे होते तेव्हा, कारण कळलं. त्यांचे आजोबा शेवगावकडं दुसऱ्याच्या रानात कूळ होते. 1948 च्या कूळकायद्यात पुढं दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरला, कसणारी कुळं कायद्यानं खरेदीदार मानली गेली आणि ते रान आजोबांचं झालं. जमीनमालक नगरला राहायचे, खंड घ्यायला वर्षातून एकदा बैलगाडीनं यायचे. मालक म्हणाले, "बिचारा भला माणूस होता. आजोबाला पोरासारखं वागवायचा." मग माझ्याकडं वर-खाली बघितलं. "म्हणून म्हणतो सर, कूळ काय चीज असती ते आमच्या घराण्याला सांगू नका."

शेतजमिनीचा कायदा घराच्या भाडेकरूला लागत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात कराराला एक नवीन ओळ जोडली गेली: 'कुंडीत झाड लावल्यास जागेवर हक्क निर्माण होणार नाही.'

फुकट वाटपानं देश बुडाला, हे त्यांचं आवडतं वाक्य. रेशनचं धान्य फुकट, बायकांना पंधराशे रुपये, एसटीत अर्धं तिकीट. "मग काम कोण करणार?" पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याचे नमो योजनेचे सहा हजार त्यांच्या खात्यात येतात, पण ते फुकट नव्हे. तो मान आहे, बळीराजाचा. गच्चीवरच्या सौर पॅनेलला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळालं, तेही पर्यावरणासाठी. सूर्य त्या विजेचं बिल पाठवत नाही. मालक पाठवतात, सबमीटरवर, युनिटला दहा रुपयांनी. 2011 च्या उपोषणाच्या वेळी ते राळेगण सिद्धीला जाऊन आले होते. तेव्हाची 'मैं अण्णा हूँ' लिहिलेली टोपी त्यांनी जपून ठेवलीय. टाकी धुताना घालतात.

त्यांचा मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो. पॅकेज गुंठ्यात सांगण्यासारखं आहे, पण घर भाड्याचं. परवा रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मालकांनी तो स्पीकरवर टाकला, कारण मुलाचा फोन गल्लीनं ऐकावा असा त्यांचा शिरस्ता आहे. मी आणि पैठणवाले जिन्यातून खाली येत होतो. पोरगा सांगत होता, की घरमालकानं भाडं एकदम वाढवलंय, डिपॉझिट अडवून धरलंय आणि पाण्याच्या टँकरचे पैसे वेगळे मागतोय.

मालक खुर्चीतून उठले. मी त्यांना असं उठताना क्वचितच पाहिलंय.

"माजलेत ही पुण्याची मालक लोकं," ते कडाडले. "बसून खायची सवय लागलीय. कागद रजिस्टर केलाय का त्यानं? नाही ना? मग भितो काय! भाडेनियंत्रण कायदा 1999, कलम 55. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर पाच हजारांपर्यंत दंड, नाही तर दोन्ही. आणि ऐक, नोंदणी नसली तर अटी काय ठरल्या होत्या ते भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. मालकानं उलटं सिद्ध करून दाखवायचं!"

"बाबा, तुम्हाला एवढं पाठ कसं?" पोरानं विचारलं.

मालक उत्तर देणार, तेवढ्यात त्यांची नजर जिन्याकडं गेली. आम्ही दोघं पाचव्या पायरीवर उभे होतो. पैठणवाल्यांनी मोबाइल काढला होता आणि ते काहीतरी टाइप करत होते. बहुतेक '55' हा आकडा असावा.

मालकांनी फोन स्पीकरवरून काढला. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता, तरी ते चालत भिंतीपाशी गेले आणि मोटरचं बटण दाबलं.

"सर, हौदात शिल्लक आहे," ते म्हणाले. "निवांत भरून घ्या. आधी वरच्या मजल्यावरून सुरुवात करा."