पॅनेलकाका

डॉक्टर व्हायला आपल्याकडे आता तोंड उघडावं लागत नाही. नीटच्या १८० प्रश्नांसमोरचे गोल काळे करायचे, ७२० पैकी पदरात पडेल ते घेऊन सीईटी सेलच्या फेऱ्यांना सामोरं जायचं आणि यादीत नाव आलं की पेढे आणायचे. मुलगा घुमा आहे की बडबड्या, रक्त बघून त्याला घेरी येते की काय, याची चौकशी कुणी करत नाही. माझ्या मते हे बरंच आहे. मुलाखत आली की तिच्या मागोमाग कुणाच्या तरी मामाची ओळखही येते. आमच्या सोसायटीतल्या पॅनेलकाकांना मात्र हे साफ नामंजूर आहे. "डॉक्टर निवडताय की लॉटरीचा नंबर काढताय?" असं ते लिफ्टमध्ये, म्हणजे समोरच्याला पळून जाता येणार नाही अशा जागी विचारतात.

काकांचा वैद्यकाशी संबंध रक्तदाबाच्या गोळीपुरता आणि लष्कराशी संबंध सव्वीस जानेवारीच्या टीव्हीपुरता. पण बँकेत असताना भरतीच्या मुलाखतींना ते टेबलाच्या कडेला बसत. उमेदवारांची प्रमाणपत्रं तपासून पुढे सरकवणं हे त्यांचं काम. प्रश्न विचारायची संधी मिळाली नाही ती नाहीच. निवृत्त झाल्यावर ते सगळे साठलेले प्रश्न बाहेर पडले आणि सोसायटीतली बारावीची मुलं त्यांच्या तडाख्यात सापडली. अशी एक व्यक्ती पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत असते. नसेल तर ती सध्या मुलाकडे अमेरिकेला गेलेली असते.

काकांच्या मते २०१६ च्या आधी सुवर्णयुग होतं. सेवाग्रामच्या कॉलेजची स्वतंत्र परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांचा पेपर असे. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तर उमेदवारांना काही दिवस ठेवून घेऊन पारखून बघायचं. नीट आली आणि हे सगळं आटत गेलं. २०१७ साली वेल्लोरनं या नव्या पद्धतीला विरोध म्हणून एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी फक्त एक भरली, तेव्हा काकांनी ते कात्रण नोटीस बोर्डावर पाणीकपातीच्या सूचनेवर चिकटवलं होतं. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नीट सगळ्यांनाच लागू असल्याचं सांगितलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. अर्थात लॉकडाउन होता आणि भाजी दुधीची होती.

त्या सुवर्णयुगात काकांच्या हॉलमध्ये एकाच आठवड्यात दोन वर्ग चालत. सकाळी सेवाग्रामवाले. त्यांनी खादीचा झब्बा घालून यायचं आणि ग्रामस्वराज्यावर बोलायचं. संध्याकाळी वानवडीच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे एएफएमसीवाले. त्यांनी केस बारीक कापून यायचं आणि देशाच्या संरक्षणावर बोलायचं. एक मुलगा दोन्हीकडे अर्ज करून बसला होता. त्यानं सकाळी अहिंसेवर दिलेलं उत्तर संध्याकाळी सीमेवरच्या परिस्थितीला लावलं. काका म्हणाले, "विचार उत्तम, वेळ चुकली."

आता उरली आहे ती एएफएमसी. १९४८ साली स्थापना, १९६२ पासून एमबीबीएस, मुलांच्या जागा ११५, मुलींच्या ३०. हे सगळं काका दार उघडतानाच म्हणतात, नमस्कार नंतर. नीटच्या गुणांवरून निवडलेल्यांना वानवडीला बोलावणं येतं. तिथं इंग्रजीची आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मग लष्करी शिस्तीची वैद्यकीय तपासणी. बोलावणं आलं की पावसाळा असतो आणि काकांचा हंगाम सुरू होतो.

तपासणीची तालीम ते गॅलरीत घेतात. बादलीत पाय बुडवून शहाबादी फरशीवर चालायचं. पावलाचा ठसा मधे कमानीसारखा उमटला तर ठीक, सगळा पाय उमटला तर सपाट तळवा. मग गुडघे एकमेकांना लागतात का ते बघायचं, कानात मळ आहे का ते टॉर्चनं बघायचं. मुलगी असेल तर टॉर्च काकूंकडे जातो. फरशी कुणी पुसायची यावरून घरात जे होतं ते आम्ही ऐकलेलं नाही असं धरून चालतो.

मग मुख्य कार्यक्रम. पॅनेलवर काका, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी. माझी पात्रता एवढीच की माझ्याकडे ब्लेझर आहे.

"डॉक्टर का व्हायचंय?"

"मला बायॉलॉजी आवडतं, सर."

"मग प्राणिशास्त्र घे. पुढे?"

"लोकांची सेवा करायचीय."

"ती पीएमटीचा कंडक्टरही करतो. पुढे?"

"आईबाबा म्हणाले, म्हणून."

"हे खरं आहे. म्हणून बाद."

कोपऱ्यात बसलेले मुलीचे बाबा या वेळी हळूच विचारतात, "आणि समजा, पास झाल्यावर सैन्यात जायचं नसलं, तर बाँडची रक्कम किती?" काका चष्मा काढतात. त्यानंतर पाच मिनिटं मुलाखत बाबांची होते.

काकांचा सिद्धांत असा की उत्तर पाठ असावं, पण पाठ वाटू नये. म्हणून ते शब्दांबरोबर अडखळण्याच्या जागाही ठरवून देतात. "आजोबांचा हात हातात घेतला, तेव्हा..." इथे दोन सेकंद छताकडे बघायचं. एका मुलानं भरात "दोन सेकंद छताकडे बघायचं" हेही म्हणून टाकलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला प्रामाणिकपणाचे गुण दिले.

हे आजोबा म्हणजे काकांच्या वहीतलं हुकमी पान. त्यांच्या आजारपणात एका तरुण डॉक्टरनं दाखवलेली माणुसकी पाहून उमेदवाराला प्रेरणा मिळते. ज्यांच्यावरून हे बेतलं ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, ठणठणीत आहेत आणि रोज तळजाईची टेकडी चढून येतात. कधी हृदयविकारानं, कधी अर्धांगवायूनं ते बऱ्याच उमेदवारांसाठी गेले आहेत. हंगाम आला की तेच जिन्यात काकांना थांबवून विचारतात, "यंदा मला काय झालंय?"

मध्यंतरी काकांची कीर्ती साता समुद्रापार जायला निघाली होती. काकूंची भाची बर्मिंगहॅमला असते. इंग्लंडात मेडिकलला मुलाखत लागतेच, आणि बऱ्याच ठिकाणी ती एका खोलीत होत नाही. ही तऱ्हा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघाली. ओळीनं दारं, दारावर एक कागद, तो मिनिट-दोन मिनिटं वाचायचा, आत जाऊन पाच-सात मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढचं दार. एखाद्या खोलीत चक्क नट बसलेला असतो. सरावातला एक गाजलेला प्रसंग असा की तुमच्या गाडीखाली शेजाऱ्याची मांजर आली आहे, ते शेजाऱ्याला जाऊन सांगा.

व्हिडिओ कॉलवर शेजारी झाले काका. भाचीनं आवाज मऊ करून सांगितलं, "काका, एक वाईट बातमी आहे. तुमची मांजर माझ्या गाडीखाली आली."

"कुठली मांजर? सोसायटीत प्राणी पाळायला बंदी आहे."

"काका, तुमची आहे असं धरा ना."

"बरं. गेली का? बरं झालं, दूध सांडत होती. आता तू पार्किंगचा नंबर सांग."

भाचीची सगळी तयारी शोकाकुल माणसाची होती. काकूंनी फोन हिसकावून घेतला, क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आणि तू थांबलीसुद्धा नाहीस? तशीच पुढे गेलीस?" बर्मिंगहॅमला पोरगी खरोखर रडायला लागली. काकांनी मागून वहीत "रडणे: वजा दोन" असं लिहिलं. तेव्हापासून ती फोन मावशीच्याच मोबाइलवर करते.

गेल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमधल्या मुलीला एएफएमसीचं बोलावणं आलं. ती मुलाखतीहून परतली ती भर पावसात. स्कूटरवरून उतरायच्या आत काकांनी छत्री धरून गाठलं. "पहिला प्रश्न काय?"

"एवढ्या पावसात कशी आलीस, असं विचारलं."

"तणाव-चाचणी! काय सांगितलंस?"

"बाबांनी सोडलं, म्हटलं."

काका जिन्याच्या पायरीवरच बसले. एवढी फरशी ओली केली, एवढे आजोबा खर्ची घातले आणि पोरीनं पहिल्याच चेंडूला परावलंबन कबूल केलं. पुढचे काही दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मग यादी लागली आणि तिचं नाव निघालं. पेढा तोंडात असतानाच काकांनी वही मागवली.

यंदाच्या उमेदवाराचे वडील मस्कतला नोकरीला आहेत आणि तो स्वतः बसनं फिरतो. काल पॅनेलसमोर त्याची पहिली तालीम झाली. "एवढ्या पावसात कसा आलास?" काकांनी विचारलं. त्यानं दोन सेकंद छताकडे बघितलं आणि जड आवाजात सांगितलं, "सर, बाबांनी सोडलं."