बटणाची उलटतपासणी

आरमारी गणवेशाच्या जुन्या बटणावरील नांगर आपल्याच दोरात गुरफटलेला असतो. प्रत्यक्ष जहाजावर नांगराची अशी अवस्था झाली तर खलाशाची खरडपट्टी निघते, परंतु ब्रिटिश नौदलाने 1774 पासून नेमका हाच गोंधळ सोन्याचा मुलामा देऊन अधिकाऱ्यांच्या छातीवर मिरवला. 1812 मध्ये या नांगरावर मुकुटही चढला.

या तारखांचा उपयोग चेन्नईत दिसतो. तेथील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ, ईस्ट इंडिया कंपनीचा सागरी मोजणीदार मायकेल टॉपिंग याच्या पुढाकाराने 1794 मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज येथे निघालेल्या मोजणीशाळेत असल्याने, महाविद्यालयाच्या परिसरात मिळालेले कोणतेही नांगरधारी बटण टॉपिंगच्याच कोटावरून निखळले असावे, असे ठरवून टाकण्याचा मोह हौशी संग्राहकाला आवरत नाही. टॉपिंग 1796 मध्ये वारला. म्हणजे मुकुट दिसताच हा दावा निकालात निघतो. त्यातून तो राजाचा नव्हे, कंपनीचा नोकर होता, आणि महाविद्यालय गिंडीत आले ते 1920 मध्ये, म्हणजे कोट तेथवर पोहोचण्यास सव्वाशे वर्षांचा उशीर झालेला असतो.

मुकुटही सरळ स्वभावाचा नाही. व्हिक्टोरियाच्या काळात त्याच्या कमानी मध्यभागी खचलेल्या असतात, 1901 नंतरच्या ट्यूडर मुकुटात त्या घुमटासारख्या फुगतात, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत पुन्हा खचतात. आणि जाणकारांनी हे सारे मुखोद्गत केल्यावर 2022 मध्ये चार्ल्स राजाने ट्यूडर मुकुटच पुन्हा पसंत केला. भारतीय नौदलाने 1950 मध्ये मुकुट उतरवून त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणले, हा अभ्यासकांवर मोठाच उपकार होय.

खरी साक्ष मात्र पाठीवर असते. बटण उलटे करून दिवा तिरपा धरला, की शिवणीच्या कडीभोवती कारखानदाराचे नाव उमटते, क्वचित पत्ताही. त्यात ‘लिमिटेड’ हा शब्द असल्यास माल 1855 च्या ब्रिटिश मर्यादित दायित्व कायद्यापूर्वीचा नसतो. समोरच्या मुकुटावरून विद्वानांत हमरीतुमरी चाललेली असताना मागचा कारखानदार निमूटपणे तारीख सांगून जातो.

चेन्नईच्या खाऱ्या हवेत अशा पितळेवर हिरवट पुटे चढतात आणि घरोघरी त्यावर चिंचेचा उतारा ठरलेला असतो. तांब्या-घंगाळाला तो खुशाल करावा. बटणाला करू नये, कारण घासण्याच्या भरात मुलामा जातो, मुकुट जातो आणि नावही जाते.