पाइपलाइन तयार, मंजुरी बाकी

हिंजवडीत कुठल्याही कंपनीत विचारा, ‘आमचं सगळं ऑटोमेटेड आहे’ हेच ऐकायला मिळेल. कोड गिटवर ढकलला की इमेज बनते, टेस्ट धावतात, कुबरनेटिसवर नवे पॉड उभे राहतात. माणसाचा हात म्हणून लागत नाही!

फक्त त्याआधी क्लस्टर लागतो. तोही टेराफॉर्म चहा पिऊन येईपर्यंत उभा करतं. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड 2015 पासून पुण्यातच आहे, म्हणजे अंतराचीही सबब नाही. पण इमेज जिथे ठेवतात त्या रजिस्ट्रीपर्यंतचा फायरवॉल उघडायला तिकीट, तिकिटाला साहेबांची मंजुरी, आणि साहेब वाकडच्या पुलाखाली अडकलेले. तोवर पॉड ‘इमेजपुलबॅकऑफ’चा जप करत ताटकळतो.

पाइपलाइनला क्लस्टरमध्ये अधिकार हवेत, तर त्यालाही हीच रांग. मग कोणीतरी वैतागून तिच्या सर्व्हिस अकाउंटला सरळ ‘क्लस्टर-ॲडमिन’ करून टाकतो. तात्पुरतं हं! पुण्यात फुटपाथवरचा तात्पुरता पत्रा जितका टिकतो, तितकंच हेही टिकतं. पासवर्ड कुबरनेटिसच्या ‘सीक्रेट’मध्ये ठेवला म्हणून सुरक्षा विभाग निर्धास्त. मुळात तो बेस64 मध्ये असतो आणि वाचायची परवानगी असलेला कोणीही एका कमांडमध्ये उलगडतो, हे सांगून त्यांची झोप का मोडा?

तेव्हा मंडळी, पाइपलाइनचं उद्घाटन करण्याआधी रजिस्ट्रीची वाट मोकळी करा, सर्व्हिस अकाउंटला नेमकेच अधिकार द्या आणि मंजुरी कोण देणार ते ठरवा. एवढंही जमत नसेल, तर निदान शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका.