पर्जन्यकालीन अवतरणमीमांसा

पर्यटनस्थळी पोहोचल्यावर पाऊस पडत असेल तर वाहनातून उतरावे किंवा कसे, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार मराठीत आजवर झालेला नाही. प्रवासवर्णनकार उतरल्यानंतरचे लिहितात. वाहन थांबल्यापासून दार उघडेपर्यंतचा जो काळ, ज्यात कुटुंबाचे खरे तत्त्वज्ञान प्रकट होते, तो सर्वस्वी उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्या काळाच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा देऊन ‘अवतरणमीमांसा’ अशी संज्ञा योजिली आहे.

व्याख्या : पाऊस चालू असता, वाहन स्थिर असता व स्थळ समोर असता (दिसत असता असे नव्हे) उपस्थित होणारा ‘उतरायचं का?’ हा प्रश्न म्हणजे अवतरणजिज्ञासा होय. तिन्ही उपाधी आवश्यक आहेत. चालत्या वाहनात विचारलेला हाच प्रश्न केवळ कुरकुर ठरतो.

अध्ययनक्षेत्र म्हणून चेन्नईच्या वायव्येकडील अंबत्तूर निवडले आहे. येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिच्यापायी येऊन स्थिरावलेल्या मराठी बिऱ्हाडांकडे दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नाशकाचे आप्त स्वतःचे टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येतात. मागची आसने काढून तेथे गादी घातलेली असते, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात शेगडी व तिच्याशेजारी चिवड्याचा डबा. यजमानाचे घर दोन खोल्यांचे असल्याने निम्मे पाहुणे रात्री वाहनातच निजतात. युरोपात या निवासपद्धतीस फोक्सवॅगनच्या १९५० मध्ये निर्माण होऊ लागलेल्या डबेवजा गाडीपासून प्रतिष्ठा लाभली. तेथील पर्यटक गाडी गावाबाहेर ठेवतो, अंगरखा चढवतो व रिमझिमीत मुकाट्याने चालू लागतो. त्यामुळे तेथे हे शास्त्र उदयास येऊ शकले नाही.

कालविचार येथे निर्णायक आहे. मराठी माणसाच्या लेखी हस्ताचा पाऊस संपला की पावसाळा संपला, आणि दसऱ्यानंतर छत्री माळ्यावर जाते. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे लंडनच्या दुपटीहून अधिक. पण त्यातला अर्ध्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांनी आणलेला. तमिळ ऐप्पसी महिना तर ‘अडै मळै’साठीच, म्हणजे न खळणाऱ्या झडीसाठीच, प्रसिद्ध आहे. छत्री माळ्यावर ठेवून निघालेले कुटुंब नेमके ऐप्पसीत अंबत्तुरास पोहोचते. हा योगायोग नव्हे, ही दिवाळीची सुट्टी होय. (डिसेंबर २०१५ चा महापूर किंवा २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. त्या समयी बाहेर पडावे की नाही, असा प्रश्नच सुज्ञाला पडत नाही.)

आता प्रमाणविचार. वाहनातून न उतरता स्थळाचे ज्ञान कसे होते? नैयायिकांची चार प्रमाणे येथे अपुरी पडतात, भाट्ट मीमांसकांची सहाही लागतात. कारण काच. दहा माणसांचा श्वास, सकाळच्या पोह्यांची वाफ आणि पडद्याच्या दांडीवर वाळत घातलेले मोजे यांमुळे ती आतून धुरकटते, बाहेरून धारांनी झाकली जाते. बाहेरचे पाणी वायपर दूर करतो, तेही पुढच्या काचेपुरते. आतली वाफ पुसण्याचा अधिकार खिडकीशी बसलेल्याचा असतो, साधन मात्र बहुधा दुसऱ्याचा नॅपकीन. पुसलेला भाग ताटलीएवढा असतो आणि त्यात एका वेळी एकच डोळा मावतो.

१. प्रत्यक्ष. रिपन इमारत (१९१३) पांढरी असल्याने पांढऱ्या पावसात विरघळते. शेजारचे तांबडे सेंट्रल स्थानक (१८७३) मात्र ठळक दिसते. उच्च न्यायालयाची १८९२ ची तांबडी वास्तूही तशीच. त्यावरून रक्तवर्ण स्थापत्य वर्षासह व श्वेतवर्ण वर्षाभीरू, असा नियम बांधता येतो. इंडो-सारासेनिक शैलीच्या अभ्यासकांनी हा निकष अद्याप लावलेला नाही.

२. अनुमान. जेथे धूर तेथे अग्नी, तद्वत जेथे निळ्या प्लास्टिकखाली फुलांचे गजरे तेथे गोपुर. मैलापूरचे कपालीश्वर मंदिर बहुतेक अंबत्तूर-पाहुण्यांनी याच मार्गाने जाणले आहे.

३. उपमान. ‘अगदी आपल्या जुहूसारखं!’ हे विधान काच पुसण्यापूर्वी करावयाचे असते.

४. शब्द. दिवसापुरता ठरवलेला स्थानिक चालक ‘सार, इदु मरीना’ असे म्हणतो. उतरण्यात त्याला स्वारस्य नसल्याने त्याचे वचन निःपक्षपाती व म्हणून आप्तवाक्य मानावे.

५. अर्थापत्ती. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे, यावरून तो रात्री जेवतो हे सिद्ध होते. आजोबा पाडीच्या उड्डाणपुलापासून एकदाही उतरले नाहीत व तरीही तृप्त आहेत, यावरून चिवड्याच्या डब्याची स्थिती सिद्ध होते.

६. अनुपलब्धी. हे सर्वांत सूक्ष्म प्रमाण. मरीना किनाऱ्यावर काचेतून इमारत दिसत नाही, झाड दिसत नाही, दिवा दिसत नाही; तस्मात् समोर समुद्र आहे. सुमारे सहा किलोमीटर लांबीचे हे न दिसणे पाहून कुटुंब समाधानाने परतते.

या ज्ञानमीमांसेतून तीन संप्रदाय निर्माण झाले. अवतरणवादी म्हणतात, ‘एवढं डिझेल जाळलं कशाला?’ अनवतरणवादी म्हणतात, ‘इथूनही दिसतंय की.’ दोन्ही मते स्पष्ट असल्याने त्यांत विवेचनाला वाव थोडा.

तिसरा, पाचमिनिटवादी संप्रदाय संख्येने मोठा व सिद्धान्ताने गहन आहे. ‘पाच मिनिटं थांबू, ही सर ओसरेल’ हे त्याचे आद्यसूत्र. सह्याद्रीच्या पूर्वेकडील श्रावणसरींवर पोसलेला हा विचार तेथे यथार्थच आहे: सर येते, जाते, ऊन पडते. परंतु बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो तेव्हा तो सरींत बोलत नाही. पाचमिनिटवादी मात्र एग्मोरच्या शासकीय संग्रहालयाच्या (१८५१) फाटकाबाहेर पाऊण तास थांबतात, ढग ओळखू येतात असे सांगतात, आणि शेवटी फाटक बंद आहे हे लक्षात येते. ते संग्रहालय शुक्रवारी बंद असते. नटराजाच्या जगद्विख्यात कांस्यमूर्ती आत कोरड्या असतात.

संप्रदायभेद एकाच ठिकाणी लयास जातो. उपाहारगृहासमोर अवतरणजिज्ञासा उत्पन्नच होत नाही. तेथे दार आधी उघडते, वाहन नंतर थांबते. दवरा-टंबलरमधली कॉफी हातात आल्यावर अनवतरणवादी आजीही ‘पाऊस तसा काही फार नाही’ असे म्हणतात, हे निरीक्षण पुढील संशोधकांसाठी नोंदवून ठेवतो.

उरतो प्रातिनिधिक अवतरणाचा जटिल प्रश्न. यात एकजण उतरतो, छायाचित्र घेतो व परततो. बाकीच्यांनी स्थळ पाहिले असे गणले जाते. यास पूर्वमीमांसेचा आधार आहे. यज्ञ ऋत्विज करतो, फळ यजमानाला मिळते. ऋत्विजाच्या स्थानी प्रथेनुसार जावई असतो. तथापि तंबू चेट्टी वीथीतील कालिकांबाळ मंदिरापाशी हा न्याय चालत नाही. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराज येथे दर्शनास आले होते अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तेथे गल्लीच्या तोंडाशी वाहन थांबताच तिन्ही संप्रदाय चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून चालू लागतात आणि प्रतिनिधी नेमण्याची भाषा कोणी काढत नाही. यास अनिवार्य अवतरण म्हणावे.

अन्यत्र मात्र जावयाचे अवतरण ग्राह्य आहे, परंतु छायाचित्रात अंगठा आला असल्यास फळ खंडित होते व कर्म पुन्हा करावे लागते. दुसऱ्या खेपेस जावयाने ‘माझे बूट भिजलेत’ असे म्हटल्यास त्याला आग्रह करू नये, असे सासूबाईंचे मत आहे. अशा वेळी घरच्या मुलास पाठवावे. त्यास छत्री द्यावी की नाही याविषयी मतभेद होता. अंबत्तूर शाखेने न देण्याचा पक्ष स्वीकारला आहे, कारण ती एकच असते आणि ती जावयाकडे असते.