पंप बंद करायचा राहून गेला

आमच्या सोसायटीची सभा शांततेत पार पडते. भांडणं होतात ती इतिवृत्त लिहिताना. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त मास्तरला दुसरा उद्योग नसतो, अशी शेजारपाजारची पक्की समजूत आहे.

यंदाच्या उन्हाळ्यातलं प्रकरण तसं साधं होतं. वॉचमन गावी गेलेला. रात्री पाणी चढवून पंप बंद करायचं काम सचिवांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. एके रात्री टाकी पहाटेपर्यंत वाहिली. जिन्यातून धबधबा आला, तिसऱ्या मजल्यावरच्या चपला तळमजल्याला लागल्या आणि गच्चीच्या जिन्यात झाकून ठेवलेल्या काकूंच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

मी लिहिलं, ‘सचिव पंप बंद करायला विसरले.’ स्वच्छ कर्तरी प्रयोग.

“सर, वाक्य बरोबर आहे हो,” सचिव म्हणाले, “पण बोचतं.”

“विसरले कसले?” काकू कडाडल्या. “सचिवांनी पंप बंद केला नाही, असं लिहा.”

आता आली पंचाईत. व्याकरणाच्या पेपरात दोन्ही वाक्यांना पूर्ण गुण. पण ‘विसरले’मध्ये माणूस भोळा ठरतो आणि ‘बंद केला नाही’मध्ये तो बटणापाशी हाताची घडी घालून उभा दिसतो. सचिवांनी मग स्वतःच सुचवलं, ‘पंप बंद करायचा राहून गेला.’ मी मनातल्या मनात त्यांना वाकून नमस्कार केला. ‘राहून गेला’ ही मराठीनं आळशी माणसाला दिलेली जहागीर आहे. पत्र पाठवायचं राहून जातं, बिल भरायचं राहून जातं. कोणी काही केलेलं नसतं, कोणी काही टाळलेलंही नसतं. काम आपलं आपणच राहतं आणि आपणच जातं.

खजिनदार सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना हेही उघडंवाघडं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, “घ्या. पंप बंद करण्यात न आल्याने टाकी भरून वाहिल्याचे निदर्शनास आले.” निर्दोष वाक्य! पंप आहे, टाकी आहे, निदर्शनही आहे, फक्त माणूस औषधालासुद्धा नाही. निदर्शनास कोणाच्या आलं, हेही विचारायची सोय ठेवलेली नाही. ज्यांच्या आलं, त्या काकू समोर बसून नाक फुगवत होत्या.

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 सालचं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. एवढी वर्षं आमच्या पोरांना प्रयोग ओळखायला लावले जाताहेत. प्रयोग कधी कोणावर करावा, हे मात्र घरात शिकावं लागतं. घरात बशी फुटली की फोडणारा सांगतो, ‘बशी फुटली.’ फारच खोदून विचारलं तर ‘माझ्या हातून फुटली.’ म्हणजे गुन्हा हाताचा, मालक फक्त साक्षीदार. ‘मी बशी फोडली’ असं मराठी माणूस पोलिसांपुढेही बोलेल की नाही, शंकाच आहे. उलट समोरच्यानं फोडली असेल तर भाषेनं खास बंदोबस्त करून ठेवलाय. मी बशी फोडली, त्यानं बशी फोडली, पण तू बशी फोडली‘स’! क्रियापद मुकाट्यानं बशीच्या मागे चाललेलं असतं, तेवढ्यात त्याला ‘स’ची शेपटी फुटते आणि ती थेट ‘तू’पर्यंत पोचते. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. आमच्याकडे याला संध्याकाळ म्हणतात.

काकूंनी ते हत्यार काढलंच. “तुम्ही पंप चालू ठेवलात!” आदरार्थी ‘त’ लावून केलेला आरोप एकेरीपेक्षा जास्त झोंबतो.

सचिव कळवळून म्हणाले, “अहो, महिनाभर मीच पंप बंद करत होतो.”

“तुम्ही बंद करतच होतात,” काकू म्हणाल्या, “झाला कुठे?”

एक ‘च’ कर्त्याला चिकटला तेव्हा सचिव कर्मयोगी होते. तोच क्रियापदाकडे सरकला आणि महिनाभराची सेवा पाण्यात गेली. इतिवृत्त तपासायला बसतो तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घाकडे एकदा पाहतो आणि ‘च’कडे तीनदा.

खजिनदारांचं सर्वनामांवरही बारीक लक्ष असतं. रंगकाम झालं ते ‘आम्ही करून घेतलं.’ देखभाल खर्च वाढला तो मात्र ‘आपण वाढवला.’ ‘आपण’मध्ये ऐकणाराही आत ओढला जातो, त्यामुळे तक्रार करायची तर स्वतःविरुद्धच करावी लागते. असलं कौशल्य शाळेत शिकवून येत नाही, त्याला कमिटीवरच असावं लागतं.

सूचना फलकाचं मला फारसं दुःख नाही. ‘मुलांनी गच्चीवर खेळू नये’ हा भावे प्रयोग. त्यात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही आणि कर्माचंही नाही. मुलं तरी कोणाचं ऐकतात? वाक्य आणि वस्तुस्थिती यांचा एवढा मेळ मला दुसरीकडे आढळलेला नाही.

शेवटी रात्री साडेनऊला खजिनदारांचं वाक्य बहुमतानं मंजूर झालं. मी ते इतिवृत्तात उतरवलं आणि वाचून दाखवलं. काकूंनी आश्चर्यकारक शांतपणे ऐकून घेतलं.

“छान आहे हो वाक्य,” त्या म्हणाल्या. “त्याच्याखाली लिहा, कुरडयांचे पैसे भरून देण्यात यावेत.”

“कोणाकडून?” सचिवांनी ताडकन विचारलं. त्या सबंध सभेत कर्त्याची चौकशी करणारे ते पहिलेच.