सेलरीची पुण्याई

निर्णा-हुमनाबादकडे बकरी ईद झाली की अंगणातल्या दोरीवर मटणाच्या लांब पट्ट्या लोंबतात. मीठ, हळद, कडक ऊन आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसलेली आजी. कुणी त्याला सुका गोश्त म्हणतं, कुणी चान्या. हे ‘क्युअर्ड’, म्हणजे मुरवलेलं, की ‘अनक्युअर्ड’, असं आजीला अजून कुणी विचारलेलं नाही.

अमेरिकेतल्या भाच्याने मात्र परवा व्हिडिओ कॉलवर सॉसेजचं महागडं पाकीट नाचवलं. ‘मामा, अनक्युअर्ड! नायट्राइट घातलेलं नाही.’ खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पुढचं होतं : सेलरी या भाजीत निसर्गतः असेल तेवढं सोडून. म्हणजे मांस मुरवणारं नायट्राइट पुडीतून पडलं तर रसायन, सेलरीच्या भुकटीतून आलं तर सात्त्विक! मांसाला हे सोवळं कळत नाही. ते दोन्हीकडे सारखंच गुलाबी होतं. खरोखर न मुरवलेलं ताजं सॉसेज शिजवलं की करडं पडतं आणि कच्चं ठेवलं तर फ्रिजमध्येही एक-दोन दिवसच टिकतं.

2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. त्यात खारवलेलंही आलं, म्हणजे आजीची दोरीसुद्धा. फक्त तिने दोरीवर ‘अनक्युअर्ड’ची चिठ्ठी लावलेली नाही.