चि. प्रलंबित अर्ज यास

चि. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी खुशाली कळत नाही. पोर्टलवर पाहावं तर तू आपला 'प्रलंबित'. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. पाकिटात घातलं तर आवक-जावकच्या टेबलावर त्यालाही क्रमांक पडेल, आणि मग बापाचं पत्र आणि लेक एकाच गठ्ठ्यात.

तुला धाडलं तेव्हा काम किरकोळ वाटलं होतं. लहानपणी पोलिओनं नेलेला पाय किती टक्के गेला, एवढंच रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळानं लिहून द्यायचं. आकडा ४० भरला की पुढची दारं किलकिली होतात. ३९ वर माणूस धडधाकटच. पण टक्के मोजायला हाडांचे डॉक्टर लागतात. ते एका बुधवारी शिबिराला गेलेले, दुसऱ्या बुधवारी कोर्टात साक्षीला. मी बाकावर बसून कॅलिपरचा पट्टा सैल करत होतो, तर शिपाई आपुलकीनं म्हणाला, "काका, फारच दुखत असेल तर इमर्जन्सीला दाखवा की. तिकडं लगेच नंबर लागतो." भला माणूस. त्याला हसावं की त्याचं ऐकावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू मात्र सरकार झोपलंय असं म्हणू नकोस. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आपल्या राज्यानं २०२२ मध्येच काढला. दिल्लीही जागीच आहे. पूर्वी रुग्णालयानं महिन्याभरात प्रमाणपत्र द्यावं असा नियम होता. महिन्यात काम होईना, तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात नियमच दुरुस्त करून तीन महिने केले. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे खूप पाहिले. अंगणच वाढवून घेणारे हेच पहिले.

त्याच दुरुस्तीत तुझ्या आयुष्याचीही सोय आहे, म्हणून हा पत्राचा खटाटोप. रुग्णालयानं दोन वर्षांत काहीच निर्णय घेतला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो. म्हणजे तू. मग मी पुन्हा नवा अर्ज करायचा, नाहीतर तुला उठवा म्हणून त्यांच्याच दारात उभं राहायचं. मुदत चुकली कुणाची आणि तिरडी कुणाची, हे मला विचारू नकोस.

शेजारच्या गल्लीतल्या मावशींना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं. त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे दरसाल कागदावर सांगायचं. अर्जाचं तसं नाही. तू मेलास हे सिद्ध करायला कुणालाही रांगेत उभं राहावं लागणार नाही. तेवढं एक काम सरकारात आपोआप होतं.

आणि तुझ्या जिवावर माझं किती अडलंय ते ऐक. तू पास झालास तर प्रमाणपत्र आणि कार्ड. ते हाती आलं की तहसीलमध्ये निराधारचा अर्ज, म्हणजे तुझा पाठचा भाऊ. त्याला रहिवासाचा दाखला हवा, आणि घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. महिन्याला सव्वाचार हजार घरात आले की आम्ही सधन! हे सगळं जुळलं की तालुका समितीची बैठक, ती बसेल तेव्हा. मग दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये. ऑक्टोबर २०२५ च्या आधी हे १५०० होते. वाढ झाल्याचं वाचून आनंदच झाला. मिळतच नसलेली रक्कम एका दिवसात हजारानं वाढली, असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

गावातले एक पुढारी म्हणाले, "चिठ्ठी देतो, काम पुढं सरकेल." मी नको म्हटलं. स्वाभिमान वगैरे काही नाही. त्यांची चिठ्ठी घेऊन आलेले माझ्याआधी पुष्कळ जण बाकावर बसलेले पाहिले होते.

तर बाळा, तब्येतीला जप. गठ्ठ्यात शक्यतो वरच्या बाजूला राहा. खालच्यांना वाळवी लागते. कुणी 'त्रुटी' म्हणालं तर घाबरू नकोस, कुठल्या तरी झेरॉक्सवर सही राहिली असेल. एखाद्या बुधवारी हाडांचे डॉक्टर खुर्चीत दिसलेच, तर जोरात फडफड.

तुझा,
अर्जदार (टक्केवारी ठरायची आहे)

ता. क. : तुझ्यासाठी थांबता थांबता आर्थिक वर्ष उलटलं आणि उत्पन्नाचा दाखला शिळा झाला. नव्या दाखल्यासाठी कालच अर्ज टाकलाय. तोही आजपासून 'प्रलंबित' दिसतोय; धाकटा म्हणून सांभाळून घे.